गणेशखिंड रस्ता : लाटसाहेबांच्या वाटेचा इतिहास

पुण्याच्या नकाशात संगमापासून वायव्येकडे जाणारा आणि विद्यापीठाच्या प्रवेशद्वाराशी औंध, बाणेर व पाषाण अशा तीन फाट्यांत विभागला जाणारा गणेशखिंड रस्ता आज शहरातील सर्वांत गजबजलेल्या रस्त्यांत गणला जातो; परंतु ज्या काळात या रस्त्याला आजची आखणी मिळाली, त्या काळात तो शहरासाठी नव्हताच. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर पावसाळ्यात जिथे राहत असे त्या एका वास्तूशी लष्करी छावणी, रेल्वे स्थानक आणि सरकारी कचेऱ्या जोडून देणे, एवढेच त्याचे मुख्य काम होते. रस्त्यांचा इतिहास लिहिताना सामान्यतः तो कोठून कोठे जातो हे पाहिले जाते, परंतु तो कोणाला टाळून जातो हेही पाहिले पाहिजे, आणि गणेशखिंड रस्त्याच्या बाबतीत तर हा दुसरा प्रश्नच अधिक फलदायी ठरतो, कारण हा रस्ता पुण्याच्या पेठांना पूर्णपणे बगल देऊन काढलेला आहे.

खिंड स्वतः अर्थातच इंग्रजांच्या कितीतरी आधीची आहे. वेताळ टेकडीपासून उत्तरेकडे पसरलेल्या डोंगररांगेच्या टोकाशी असलेल्या या सखल वाटेने औंध, पाषाण, बाणेर या गावांतील लोक भांबुर्ड्याकडे, म्हणजे आजच्या शिवाजीनगरकडे, आणि तेथून नदी ओलांडून पेठांत येत असत. पार्वतीनंदन गणपतीचे, लोकांच्या तोंडी ‘खिंडीतला गणपती’ असलेले देऊळ आणि जवळच्या टेकडीवरील चतु:शृंगीचे देवस्थान यांमुळे या वाटेला भाविकांची वर्दळ होती, आणि नवरात्रातील यात्रेच्या दिवसांत ती अर्थातच वाढत असे. अशा वाटांना त्या काळी फरसबंदी किंवा खडी नसे. बैलगाड्यांच्या चाकोऱ्यांनी पडलेली आणि दर पावसाळ्यात थोडी सरकणारी ती एक मळवाट होती.

खिंडीचे लष्करी महत्त्व प्रथम ठळकपणे दिसले ते ५ नोव्हेंबर १८१७ रोजी. त्या दिवशी दुसऱ्या बाजीरावाचे सैन्य बापू गोखल्यांच्या सेनापतित्वाखाली गणेशखिंडीच्या टेकड्या आणि खडकी यांमधील सपाटीवर उतरले, आणि कर्नल बर याच्या हाताखालील सुमारे २,८०० सैनिकांशी त्याची गाठ पडली. रेसिडेंट एल्फिन्स्टन याने संगमावरील आपले निवासस्थान सोडून खडकीचा आश्रय घेतला आणि मराठ्यांनी ते निवासस्थान जाळून टाकले. दापोडीहून कॅप्टन फोर्ड याची पलटण इंग्रजांना येऊन मिळाली. पेशवे स्वतः पर्वतीवरून लढाई पाहत होते. संख्येने कितीतरी मोठ्या असलेल्या मराठी घोडदळाचा मुख्य हल्ला इंग्रजी फळीसमोरच्या दलदलीत अडखळला आणि पेशव्यांचे सरदार मोरो दीक्षित तोफेच्या माऱ्यात पडले. संगम, खडकी, दापोडी आणि गणेशखिंड हे जे चार बिंदू या एका दिवसाच्या लढाईत एकत्र आले, तेच पुढे इंग्रजी पुण्याच्या वायव्य भागाचे आधारबिंदू ठरले. खडकीला कायमची छावणी बसली, संगमाजवळ पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय उभे राहिले, दापोडीला गव्हर्नरचा बंगला झाला, आणि शेवटी त्या बंगल्याची जागा गणेशखिंडीने घेतली.

येथे गव्हर्नरांच्या वार्षिक वेळापत्रकाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण त्याशिवाय या रस्त्याचे प्रयोजन कळत नाही. मुंबई इलाख्याचे सरकार वर्षभर मुंबईत राहत नसे. हिवाळा मुंबईत, उन्हाळा महाबळेश्वरास आणि जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंतचा पावसाळा पुण्यास, असा गव्हर्नरांचा फेरा असे, आणि त्यांच्याबरोबर सचिव, कारकून, पट्टेवाले, दप्तरांच्या पेट्या, घोडे आणि खानसामे असा सारा लवाजमा हलत असे. वर्षातील चार महिने पुणे ही इलाख्याची राजधानीच होत असे. सर जॉन माल्कम याने १८२८च्या सुमारास दापोडीचा फोर्डचा बंगला सरकारासाठी घेतला आणि याच माल्कमच्या कारकिर्दीत, १८३० साली, बोरघाटातील गाडीरस्ता खुला झाला, या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत. पावसाळी राजधानीला पोहोचण्यासाठी चाकांची वाट हवी होती. पुढे १८५८ साली खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग सुरू झाला आणि १८६३ साली घाटातील अवघड टप्पाही पूर्ण झाल्यावर मुंबई-पुणे प्रवास अवघ्या एका दिवसाचा झाला. सरकारचे पुण्यातील वास्तव्य आता अधिक सोयीचे आणि साहजिकच अधिक थाटाचे झाले.

१८६२ साली गव्हर्नर झालेल्या सर बार्टल फ्रियर याच्या वाट्याला असा काळ आला की जेव्हा मुंबईत पैशाला तोटा नव्हता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि पश्चिम भारतातील कापसाला अफाट भाव आला. याच भरात मुंबईच्या किल्ल्याचे तट पाडले गेले, आणि याच भरात १८६४ साली गणेशखिंडीत नव्या गव्हर्नमेंट हाऊसचे काम सुरू झाले. जेम्स ट्रबशॉ या वास्तुविशारदाने इटालियन धर्तीचा, उंच मनोरा असलेला आराखडा केला; व्हिक्टोरिया राणीच्या आइल ऑफ वाइट बेटावरील ऑस्बोर्न हाऊस या वाड्याशी त्याचे साम्य सहज लक्षात येते. १८६५ साली युद्ध संपले, कापसाचा फुगा फुटला, मुंबईत बँका बुडाल्या, पण गणेशखिंडीचे बांधकाम चालूच राहिले आणि १८७१ साली ते पुरे होईपर्यंत फ्रियर इंग्लंडला परतून चार वर्षे झाली होती. खर्च सुमारे १,७५,००० पौंडांवर गेला. दुष्काळ आणि कर्ज यांनी गांजलेल्या देशात एका अधिकाऱ्याच्या चार महिन्यांच्या निवासासाठी एवढी रक्कम खर्ची पडावी, यावर खुद्द इंग्लंडच्या पार्लमेंटमध्ये टीका झाली आणि मुंबईच्या गव्हर्नरांची उधळपट्टी व शिरजोरी यांचा नमुना म्हणून या वास्तूचे नाव घेतले गेले. दापोडीचा बंगला १८६५ मध्येच विकला गेला होता, पण एवढ्या मोठ्या खर्चापुढे त्याच्या किमतीने कितीसा भार हलका होणार!

आवार मात्र वास्तूच्याही मानाने अवाढव्य होते. आज विद्यापीठाकडे असलेले क्षेत्र ४११ एकरांचे आहे. त्याशिवाय गव्हर्नरांसाठी राखलेला भाग वेगळा, आणि जवळच १८७३ साली स्थापन झालेला वनस्पती उद्यानाचा, म्हणजे गणेशखिंड बागेचा, परिसर आणखी वेगळा. आवारात दरबार भरवण्याचे दालन, मेजवानीचे दालन, नृत्यासाठीचे दालन, तबेले, नोकरांच्या चाळी असे सारे होते. मुख्य इमारतीखालून नोकरांना ये-जा करण्यासाठी भुयारी वाटही होती. पाण्याची सोय पाषाणच्या तलावातून करण्यात आली आणि तेच पाणी खडकीच्या छावणीलाही पुरवले गेले. गावाच्या ओढ्यावर बांध घालून तलाव करायचा आणि त्याचे पाणी आधी लाटसाहेबांच्या आवारात न्यायचे, हा क्रम त्या काळच्या शासनाला अगदी नैसर्गिक वाटत असे.

आता रस्त्याकडे वळू. पुणे कॅम्प शहराच्या पूर्वेस, रेल्वे स्थानकही तिकडेच, आणि गव्हर्नमेंट हाऊस मात्र तेथून कित्येक मैल वायव्येस. या दोहोंच्या मध्ये पेठांचे जुने पुणे होते असे नकाशा न पाहता वाटू शकते; प्रत्यक्षात मुठेच्या उजव्या तीराने संगमापर्यंत आणि तेथे वेलस्ली पुलावरून नदी ओलांडून थेट भांबुर्ड्याच्या माळावर गेले की पेठांचे दर्शनही न घेता खिंडीशी पोहोचता येत असे. आधीच्या लाकडी पुलाच्या जागी १८७५ साली दगडी पूल झाल्यावर तर ही वाट बारमाही निर्धोक झाली. पेठांतील माणसाला मात्र खिंडीकडे जायचे तर लकडी पुलावरून किंवा भांबुर्ड्याच्या उतारावरून फिरून यावे लागे. म्हणजे एकाच रस्त्याला दोन दारे होती, एक सरकारचे आणि एक प्रजेचे, आणि बांधणीचा सारा खर्च पहिल्या दाराच्या सोयीसाठी झाला होता असे म्हणणे फारसे चुकीचे ठरणार नाही.

बांधणीची रीत त्या काळच्या सर्व पक्क्या सरकारी रस्त्यांसारखी, स्कॉटिश अभियंता मॅकॅडम याच्या पद्धतीवर आधारलेली होती. मॅकॅडमचे म्हणणे असे की रस्त्याखाली मोठाले धोंडे भरण्याची गरज नाही. जमीन कोरडी राखली आणि तिच्यावर सारख्या मापाच्या फोडलेल्या खडीचे थर दाबून बसवले, तर खडीचे कोनेदार तुकडे एकमेकांत अडकून स्वतःच घट्ट होतात. दख्खनच्या काळ्या फत्तराची, म्हणजे बसाल्टची, खडी यासाठी उत्तम. ती हातोड्यांनी फोडायची, पसरायची, वर मुरूम टाकून पाणी मारायचे आणि बैलांनी ओढलेल्या जड दगडी रुळाने दाबायची, असे ते काम. मधोमध किंचित फुगवटा ठेवून दोन्ही कडांना गटार काढले जाई, आणि टेकडीवरून उतरणारे ओघळ जिथे रस्ता छेदत, तिथे खालून पाणी जाऊ देणारी लहान दगडी कमान, म्हणजे मोरी, बांधली जाई. रस्त्याच्या कडेने वडाची झाडे लावण्याची प्रथाही सरकारी बांधकाम खात्याचीच. या मोऱ्यांपैकी एकीला पुढे इतिहासात जागा मिळाली, म्हणून त्यांचा एवढा उल्लेख.

१८९६च्या अखेरीस पुण्यात प्लेग शिरला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला आणि साताऱ्यात काम केलेला सनदी अधिकारी वॉल्टर चार्ल्स रँड याच्याकडे पुण्याच्या प्लेग समितीची सूत्रे आली. मार्चपासून गोरे सोजीर घरोघर शिरून झडती घेऊ लागले. देवघरे, स्वयंपाकघरे, स्त्रियांचा पडदा यांपैकी कशाचीच भीड त्यांनी ठेवली नाही, सामान जाळले गेले, आणि रोगाइतकाच रोगनिवारणाचा धसका लोकांनी घेतला. मेमध्ये मोहीम आटोपली, पण संताप आटोपला नाही. चिंचवडचे दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव हे चापेकर बंधू, तसेच त्यांचे सहकारी महादेव रानडे, यांनी रँडला मारण्याचे ठरवले आणि त्यासाठी त्यांनी जी जागा व वेळ निवडली, तीत या रस्त्याच्या स्वरूपाचे अचूक आकलन दिसते.

२२ जून १८९७ रोजी व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवानिमित्त गणेशखिंडीच्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये समारंभ होता. पुण्याचा सरकारी मोसम नुकताच सुरू झालेला, लॉर्ड सँडहर्स्ट गव्हर्नर म्हणून मुक्कामास आलेला, आणि त्यामुळे पुण्यातील झाडून सारे गोरे अधिकारी त्या रात्री एकाच दारातून आत जाणार आणि त्याच दारातून बाहेर पडणार होते. शहरात रँडला गाठणे अवघड होते, पण येथे त्याला परतीची दुसरी वाटच नव्हती. टेकड्यांवर होळ्या पेटवलेल्या होत्या आणि रोषणाई पाहायला लोकांची गर्दी जमली होती, त्यामुळे दोन-चार तरुणांकडे कोणाचे लक्ष जाण्याचे कारण नव्हते. दामोदर चापेकरांनी पुढे लिहून ठेवलेल्या हकिकतीनुसार, त्यांनी पिस्तुलांबरोबर तलवारी आणि कुऱ्हाडही आणली होती, पण ती हत्यारे सांभाळत संशय न येता वावरणे शक्य होईना, तेव्हा ती त्यांनी जवळच्या एका दगडी मोरीखाली ठेवून दिली. दामोदर गव्हर्नमेंट हाऊसच्या फाटकापाशी थांबले. रँडची घोडागाडी बाहेर पडताच ते दहा-पंधरा पावलांच्या अंतराने तिच्यामागे धावत निघाले. वाटेतील एका पिवळ्या बंगल्यापाशी गाडी आली तेव्हा त्यांनी अंतर तोडले, ठरलेली ‘गोंद्या’ ही खुणेची हाक दिली, गाडीचा मागचा पडदा सोडून वर केला आणि वीतभर अंतरावरून गोळी झाडली. बाळकृष्ण मागे राहिले होते. मागून येणाऱ्या गाडीतील माणसे काही कुजबुजत आहेत अशा संशयाने त्यांनी त्या गाडीवर गोळी झाडली, आणि तीत लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाला. रँड ३ जुलै रोजी ससून रुग्णालयात मरण पावला.

हत्येचे परिणाम रस्त्यापुरते राहणे शक्यच नव्हते. मारेकऱ्यांची माहिती देणाऱ्यास २०,००० रुपयांचे इनाम जाहीर झाले, पुण्यावर जादा पोलिसांचा खर्च लादण्यात आला, पुण्यातील प्रतिष्ठित नातू बंधूंना चौकशीविना स्थानबद्ध करण्यात आले, आणि लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन सप्टेंबरमध्ये त्यांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. दामोदर चापेकरांना १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आली. माहिती पुरवणाऱ्या द्रविड बंधूंना फेब्रुवारी १८९९ मध्ये मारण्यात आले, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात वासुदेव, महादेव रानडे व बाळकृष्ण हे तिघेही फासावर गेले. हा सारा इतिहास महाराष्ट्रात शालेय पुस्तकांपासून ‘२२ जून १८९७’ या १९७९च्या चित्रपटापर्यंत अनेकदा सांगितला गेला आहे. परंतु तो बहुधा माणसांच्या अंगाने सांगितला जातो, जागेच्या अंगाने नव्हे. राज्यकर्त्यांनी शहरापासून दूर, टेकडीआड, एकाच रस्त्याने जोडलेले जे निवासस्थान सुरक्षित म्हणून निवडले होते, त्याचा तो एकमेव रस्ताच कच्चा दुवा ठरला. शहराला वगळणाऱ्या रस्त्यावर शहराचे कोणी साक्षीदार राहत नव्हते, हे मारेकऱ्यांच्याही पथ्यावर पडले.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रस्त्याच्या कडेने सरकारी संस्था येत गेल्या. शेतकी महाविद्यालय १९०७च्या सुमारास स्वतंत्र रूपात उभे राहिले आणि त्याच्या प्रयोगशेतीने भांबुर्ड्याच्या बाजूची मोठी जमीन व्यापली. हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले, आणि पुणेकरांनी त्या इमारतीला दिलेले ‘सिमला ऑफिस’ हे नाव आज चौकालाही चिकटलेले आहे. तेथे उतरणाऱ्या कित्येक प्रवाशांना या चौकाचा हिमालयाशी काय संबंध, असा प्रश्न पडत असेल. गव्हर्नमेंट हाऊसचा पावसाळी मोसम चालूच होता, जरी त्याचा पूर्वीचा निर्धास्तपणा उरला नव्हता. २२ जुलै १९३१ रोजी हंगामी गव्हर्नर अर्नेस्ट हॉटसन याच्यावर फर्ग्युसन महाविद्यालयात वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने गोळ्या झाडल्या, त्यातून तो बचावला.

स्वातंत्र्यानंतर या आवाराचे काय करायचे हा प्रश्न आला, आणि त्याचे जे उत्तर निघाले ते खरोखर दूरदृष्टीचे होते. १९४८च्या कायद्यान्वये १० फेब्रुवारी १९४९ रोजी पुणे विद्यापीठ स्थापन झाले, बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले, आणि गव्हर्नमेंट हाऊस व त्याभोवतीचे आवार विद्यापीठाकडे आले. दरबाराचे दालन सभागृह झाले, राहत्या खोल्यांची कार्यालये झाली. राज्यपालांचे पुण्यातील राजभवन त्याच मूळ जमिनीच्या एका भागात राहिले, आणि राज्यपाल पदसिद्ध कुलपती असल्यामुळे जुन्या घराशी त्यांचा संबंध निराळ्या नात्याने चालू राहिला. २०१४ साली विद्यापीठास सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. ज्या आवारात देशी माणसाचा प्रवेश बहुधा पट्टेवाला, माळी किंवा निमंत्रित संस्थानिक म्हणूनच होत असे, त्याला सावित्रीबाईंचे नाव लागणे हा इतिहासाने घेतलेला मोठाच वळसा होय.

आवार वाचले, पण रस्त्याच्या वाट्याला वेगळेच काही आले. एका बाजूला चतु:शृंगी आणि वेताळ टेकडीची रांग, दुसऱ्या बाजूला विद्यापीठ आणि त्यापलीकडे खडकीची लष्करी जमीन, अशी कोंडी असल्यामुळे वायव्येकडे वाढणाऱ्या शहराला आडवे रस्ते काढायला जागाच उरली नाही. औंध, बाणेर, पाषाण ही गावे होती तोवर त्याचे काही बिघडत नव्हते; हिंजवडीला माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांची वसाहत झाली आणि या गावांची उपनगरे झाली, तेव्हा गव्हर्नरच्या घोडागाडीसाठी योजलेल्या एका फाटकापाशी तिन्ही बाजूंची सारी वाहने येऊन मिळू लागली. विद्यापीठ चौकातील कोंडीचे खापर वाहनांच्या संख्येवर फोडले जाते, आणि ते काही अंशी खरेही आहे, पण कोंडीची जागा १८६४ सालीच ठरली होती. चौकात बांधलेला उड्डाणपूल जेमतेम दीड दशक टिकला. मेट्रोच्या मार्गासाठी आणि नव्या दुमजली पुलासाठी तो २०२० साली पाडण्यात आला. हिंजवडी ते शिवाजीनगर हा मेट्रोमार्ग आता याच रस्त्यावरून, जुन्या मार्गाची रेषा जवळजवळ जशीच्या तशी धरून, खांबांवरून जातो.

रुंदीकरणाचा प्रश्न त्याला जोडूनच आला. ३६ मीटरचा रस्ता ४५ मीटर करायचा तर कडेच्या संस्थांच्या आवारांतून पट्टी घ्यावी लागते, आणि त्या पट्टीतच जुनी वडाची झाडे होती. झाडे तोडण्यास नागरिकांनी विरोध केला, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, आणि पुण्यात वृक्षतोडीवरून झालेल्या अलीकडच्या वादांपैकी हा एक मोठा वाद ठरला. त्याच सुमारास, २०२० साली, शेजारच्या गणेशखिंड बागेचे सुमारे ३३ हेक्टर क्षेत्र राज्य सरकारने जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केले, त्यामुळे त्या बाजूने तरी रस्त्याला यापुढे सरकता येणार नाही. रँडवर गोळी झाडली गेली त्या ठिकाणाजवळ चापेकरांचे स्मारक आहे, आणि रुंदीकरणाच्या प्रत्येक आराखड्यात त्याच्या जागेचाही विचार करावा लागतो.